लांबलेला शिक्षक दिन

माझा आवाज मोठा आहे. नवरा म्हणतो, तू माहेरी बोलतेस तेव्हा फोन कशाला लावतेस, नुसती गॅलरीत उभी राहा. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात काढली की आवाज असाच होतो, त्याला इलाज नाही. पण त्या वर्षी श्रावण लागायच्या आत माझा आवाज बसला, पार बसला. पुढे जे झालं ते तिथून सुरू झालं असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. आवाज बसला म्हणून. शिक्षक कमी केला म्हणून. वरून पैसे आले नाहीत म्हणून. यातलं काही खोटं नाही. तरी त्या मुलीच्या हातात खडू सरकारने दिला नव्हता. तो मी दिला.

मी राहते नाशकात, द्वारका चौकाच्या अलीकडे. शाळा सायखेड्याच्या पुढे, गोदावरीच्या काठच्या एका गावात. पहिली ते पाचवी, तीन खोल्या आणि आम्ही तीन शिक्षक. एक सर, ते मुख्याध्यापकाचंही काम बघायचे. एक मी. आणि एक नव्या दमाच्या बाई, लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं, पहिली-दुसरीला नाचत-गात शिकवायच्या. बरं चाललं होतं हो आमचं.

सरकार दरवर्षी मुलं मोजतं आणि त्यावरून कोणत्या शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवतं. आमच्या शाळेतली मुलं थोडी कमी झाली, वरचा नियमही बदलला, आणि तिसरं पद गेलं. पद गेलं म्हणजे माणूस गेलं. त्या नव्या बाई 'अतिरिक्त' ठरल्या. शब्द बघा काय काढलाय! पोरांना बाराखडी लावणारी बाई अतिरिक्त. तिला पेठकडच्या डोंगरात पाठवलं. निरोपाच्या दिवशी पहिलीची पोरं तिच्या ओढणीला लोंबकळून रडत होती आणि सर त्यांना एकेक करून सोडवत होते.

तिसरी खोली त्याच्या आधीच गेली होती. वरचे पत्रे कुजले होते, पावसात फळ्यावरून पाणी यायचं. दुरुस्तीसाठी सरांनी किती अर्ज केले देव जाणे. उत्तर ठरलेलं: निधी नाही. दुसऱ्या खोलीत खिचडीच्या तांदळाची पोती, सरांचं टेबल आणि एक बंद पडलेला संगणक. राहिली एक खोली आणि पुढची पडवी. त्यात पाच इयत्ता. सर माणूस भला, पण आज तालुक्याला मीटिंग, उद्या कुठली माहिती ऑनलाइन भरायची, आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणून मतदार याद्यांचं काम. सकाळी मोटारसायकलला किक मारता मारता म्हणायचे, "बाई, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही." मला राग यायचा. करायचं काय त्या रागाचं, वरणाला फोडणी देता येत नाही त्याची.

रागावरून आठवलं. मुलं वाढवायची म्हणून उन्हाळ्यात आम्ही घरोघर फिरतो, अहो आमच्या शाळेत घाला, पुस्तकं फुकट, जेवण फुकट. त्या गावात सकाळी पिवळी बस येते आणि ज्यांना परवडतं त्यांची पोरं टाय लावून इंग्रजी शाळेला जातात. अशाच एका घरी मी चांगली तासभर बोलले, मातृभाषेतलं शिक्षण वगैरे सगळं. घरधनी ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "बाई, एक इचारू का? तुमचा पोरगा कुठल्या शाळेत हाय?" मी पाणी प्यायले आणि उठले. माझा मुलगा नाशकात इंग्रजी शाळेत होता, एका वर्गात मोजकीच मुलं घेतात म्हणून आम्ही ती निवडली होती. माझ्यासारख्यांनीच या शाळा रिकाम्या केल्या आणि मग रिकाम्या शाळेचा शिक्षक काढला म्हणून बोंबही मीच मारत होते.

असो. तर जूनपासून मी एकटी आणि खोलीभर मुलं. फळ्यावर खडूने उभ्या रेघा मारून मी त्याचे भाग केले, हा तिसरीचा, हा चौथीचा, हा पाचवीचा. पहिली-दुसरी पडवीत. पाचवीला भागाकार देऊन तिसरीकडे वळले की पडवीत कोणीतरी कोणाचे केस धरलेले असायचे. पडवीत जाऊन आले की पाचवीत गप्पांचा फड. मी ओरडायची, नुसती ओरडायची. शिकवणं असं काही व्हायचंच नाही, गुरं वळल्यासारखं चालायचं. दीड महिन्यात घसा गेला. हळद-दूध, ज्येष्ठमध, काही उपयोग नाही.

आणि मग शिक्षक दिन आला. आमच्याकडे त्या दिवशी मुलंच शिक्षक होतात. मोठ्या मुली आईच्या साड्या नेसून येतात, मुलगे बापाची पँट कमरेला दोरीने बांधून येतात, आणि एक दिवस आम्ही खुर्चीत बसून मजा बघतो. चौथीतली एक मुलगी त्या दिवशी हिरवी साडी नेसून आली. निऱ्या पोटावर गोळा झालेल्या, पदर पिनांनी टोचलेला, केसात घरच्याच शेवंतीचा गजरा. घरची फुलशेती, झेंडू-शेवंती नाशिकच्या बाजारात जायची. अंगाने किडकिडीत, डोळे टपोरे, आणि हुशार म्हणजे काय सांगू, एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. तिने पहिली-दुसरी घेतली. पडवीत पोरांना गोल बसवलं. कोणी दंगा केला की तिने कमरेवर हात ठेवून नुसतं बघायचं, अगदी मी बघते तसं. सर हसून हसून लाल झाले. "बाई, तुमची बहीणच ही!"

मीही हसले. पण खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, पडवी शांत आहे. किती महिन्यांनी शांत होती. पोरं काना-मात्रा वाचत होती, हो, खरंच वाचत होती. तिचा धाकटा भाऊ पहिलीत होता, महाखोडकर, तोही मांडी घालून बसला होता.

दुसऱ्या दिवशी ती गणवेश घालून आली आणि चौथीच्या रांगेत बसली. पडवीत परत आरडाओरडा सुरू झाला. मी तिला हाक मारली, आवाज तर फुटत नव्हता, नुसता हात केला. "आजच्या दिवस घे गं त्यांना." तिने उडी मारत खडू घेतला. मुलांना काय, मोठं केलेलं आवडतंच.

आजच्या दिवसाचा आठवडा झाला, आठवड्याचं वर्ष. कोणी ठरवलं असं नाही. पोरं तिला छोट्या बाई म्हणायला लागली. पालकही म्हणायला लागले. तिचं दप्तर चौथीच्या रांगेत असायचं आणि ती पडवीत. मी तिला म्हणायची, तुझं तू घरी वाचून घे, तुला काय अवघड आहे. ती मान हलवायची. आणि खरंच ती घरी वाचायची, चौथीला तिला चांगले मार्क पडले, म्हणून मी निर्धास्त.

केंद्रप्रमुख एकदा शाळा बघायला आले. साहेबांनी पडवीत उभं राहून ती शिकवते ते बघितलं, फोटो काढले, म्हणाले, "बाई, हे फार छान आहे. मुलंच मुलांना शिकवताहेत. हा उपक्रम म्हणून लिहून द्या." मी लिहून दिलं. एका सभेत मला गुलाबाचं फूल आणि नारळ मिळाला, टाळ्या वाजल्या. शिक्षक दिला नाही, पत्रे दिले नाहीत, नारळ मात्र दिला. तो नारळ घरी आणताना मला बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. मी त्याच्या वड्या केल्या आणि शाळेत वाटल्या. तिला दोन जास्त दिल्या.

ती पाचवीत गेली. एक दिवस तिची आई शाळेत आली. कामाची बाई, बोटं झेंडूच्या रसाने कायम हिरवट-काळी. पदराने तोंड पुसत म्हणाली, "बाई, हिला त्या राहायच्या शाळंत घालायचीय. परीक्षा असती ना पाचवीत? सासऱ्यांनी शबूद दिलाय. म्हणाले, नंबर लागला तर शिकू दे बारावीपर्यंत, मी आडवा येणार नाय. नायतर मोठीवानी घरी बसंल." तिच्या मोठ्या मुलीची शाळा मध्येच सुटली होती, ती आता फुलं तोडायला जायची. आईने मोठीच्या वेळी तोंड उघडलं नव्हतं, ते तिच्या मनाला लागून राहिलं होतं. या खेपेला तिने सासऱ्यांशी बोलून बोलून एवढा एक शब्द मिळवला होता.

"हिची कसली काळजी करता?" मी म्हणाले. "डोळे झाकून नंबर लागेल."

"तुमी हाये म्हून," ती म्हणाली आणि जाताना माझ्या टेबलावर ओटीतून मूठभर शेवंती ठेवली.

मी मनात ठरवलं होतं हो. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास तिला घेऊन बसायचं. पण शाळा सुटली की माझी गाडी. ती गाडी चुकली की दुसरी कधी येईल भरवसा नाही, घरी सासूबाईंची औषधं, मुलाचा क्लास. उद्या बसू, सोमवारपासून बसू, दिवाळीनंतर नक्की बसू. मी तिला एक मार्गदर्शक पुस्तक आणून दिलं आणि त्यावर स्वतःचंच समाधान करून घेतलं.

दिवाळीनंतर द्राक्षांच्या बागांत कामाला पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं आली. बागेच्या कडेला प्लास्टिकचा कागद लावून राहतात, पोरं बांधावर. मी सरांना म्हटलं, ही आणू, पट वाढेल, पद परत मागता येईल. सर आणि मी जाऊन आणली ती पोरं. मोजणी आधीच होऊन गेलेली, पद काही आलं नाही. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं. पोरं मात्र आली, आणि आल्यावर त्यांना काय हाकलायचं? तीही पडवीत गेली. ही पोरंही छोट्या बाईंच्याच गळ्यात. त्यांची बोली वेगळी, माझं निम्मं त्यांना कळायचं नाही आणि त्यांचं मला. तिने चार दिवसांत त्यांचे शब्द उचलले. मला येऊन सांगायची, "बाई, ती पोरगी मुकी नाय, ती लाजती." तेव्हा माझ्या मनात आलं, काय गुणी पोर आहे. याच्या पुढचं काही मनात आलं नाही.

त्याच दिवसांत एका सकाळी प्रार्थना झाली, सगळे आपापल्या जागी गेले आणि ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. खडू तिच्या हातात होता, पण ती पडवीत जाईना.

"काय गं?"

"बाई, आज मी पाचवीत बसू?"

तिने परवानगी मागितली. स्वतःच्या वर्गात बसायची. मी पडवीकडे बघितलं, तिथे गोंधळ सुरू झालाच होता. म्हणाले, "मग त्या पिल्लांना कोण बघेल गं? उद्या बस हं." ती बरं म्हणाली आणि गेली. परत तिने कधी विचारलं नाही.

त्या दिवशी मी पाचवीला अपूर्णांक शिकवले. सांगून कोणाला कळेना, तेव्हा मी डब्यातून बाजरीची भाकरी काढली. तिचे दोन भाग, मग चार, मग आठ. दोन चतकोर म्हणजे अर्धी, हे हातात धरून दाखवलं. पाचवीत एक मुलगा होता, त्याला मी ठोंब्याच म्हणायची, बेरजेतसुद्धा हातचा विसरायचा. तो एकदम उठून म्हणाला, "बाई, भाग सारखे पायजेत, नायतर भांडणं व्हतील!" सगळा वर्ग हसला. सगळ्यांना कळलं. मी दिवसभर उपाशी होते, पण इतका चांगला तास माझा वर्षात झाला नव्हता. मधेच मी मान वर केली तर ती दारात उभी, दुसरीच्या पाट्या छातीशी धरलेल्या, आत बघत होती. कोणीतरी पडवीतून छोट्या बाई म्हणून हाक मारली आणि ती वळली.

परीक्षा नाशकातल्या एका शाळेत होती. ती आणि तिची आई पहाटेच्या फुलांच्या टेम्पोतून आल्या, झेंडूच्या करंड्यांवर बसून. मी द्वारकेला त्यांना घ्यायला गेले. मुलीच्या वेण्या घट्ट घातलेल्या, फ्रॉकला पिवळं लागलेलं, अंगाला फुलांचा वास. ठोंब्याही परीक्षेला बसला होता, तो त्याच्या वडिलांच्या गाडीवरून आला. मी दोघांच्या हातावर दही-साखर घातली आणि आत सोडलं. आई फाटकापाशी बसून राहिली. म्हणाली, "बाई, जमंल ना तिला?" मी म्हटलं, "अहो, ती मुलांना शिकवते, तिला कसली भीती?"

ठोंब्या आधी बाहेर आला, उड्या मारत. "बाई, भाकरीवालं आलतं! लय गणितं भाकरीवाली! मी समदी केली!" त्याच्या मागून ती आली. तोंड एवढंसं. आईने काय झालं म्हणून विचारलं तर मान हलवली. मग ठोंब्याकडे वळून म्हणाली, "कसलं भाकरीवालं?"

त्याने तिला तिथेच सांगितलं. फाटकाजवळच्या मातीत बोटाने गोल काढला, दोन रेघा मारल्या. हे पाव, हे पाव, दोन पाव म्हणजे अर्धं. मग खालचा आकडा सारखा करायचा, मग बेरीज. माझेच शब्द, माझ्याच हातवाऱ्यांसकट. ती वाकून बघत होती. त्याने एक गणित दिलं, ते तिने लगेच केलं. दुसरं केलं. तिसरं त्याने चुकीचं काढलं, ते तिने दुरुस्त केलं. मग ती सरळ उभी राहिली, मातीतल्या त्या गोलाकडे बघत म्हणाली, "हे एवढंच होतं?"

ती रागावली नव्हती. तिला खरंच नवल वाटलं होतं. मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले.

ठोंब्याचा नंबर लागला. तिचा नाही. ठोंब्याचे वडील पेढे घेऊन शाळेत आले, माझ्या पाया पडायला निघाले, मी मागे सरकले. पोराचं कौतुक आहेच, त्याने कमावलं ते. पण पेढा मी तसाच टेबलावर ठेवला. तो माझ्यासमोर बसून शिकला. ती माझ्यासाठी पडवीत उभी राहून मागे पडली. याला दुसरं काही नाव देता येत असेल तर कोणी सांगावं.

मला वाटलं तिची आई येईल आणि भांडेल. मी तयारी केली होती. तिने यावं, चार लोकांत ओरडावं, बाई, तुमी माझ्या लेकीला शिकवलं नाय, राबवून घेतलं, असं म्हणावं. ती आली, पण पिशवीत वांगी घेऊन. "बाई, नशीब तिचं. तुमी लय केलं तिच्यासाठी." मी म्हणायला गेले, अहो नशीब कसलं, चूक माझी आहे. तेवढ्यात ती म्हणाली, "बारक्याला वाचायला तर तिनंच शिकवलं. आता पेपर वाचून दाखवतो आजाला." आणि हसली. मी तोंड मिटलं. वांगी घेतली. घरी भरली वांगी केली, सगळ्यांनी बोटं चाटली. मी ताटावरून उठले.

उन्हाळा गेला. पद आलं नाही, पत्रे आले नाहीत. जूनमध्ये शाळा उघडली, पहिलीत नवी पोरं आली आणि आईच्या नावाने गळे काढून रडू लागली. सर मीटिंगला. माझा घसा अजून नीट नव्हता. अशा वेळी ती दारात आली, भावाला सोडायला. तो आता तिसरीत गेला होता. पडवीतली पोरं एकदम ओरडली, छोट्या बाई आल्या, छोट्या बाई आल्या. दोघी-चौघींनी तिला मिठी मारली. तिच्या हातावर झेंडूचा तोच हिरवट-काळा रंग चढला होता.

"सहावीत नाव नाही का घातलं गं सायखेड्याला?"

"आजा नाय म्हणला." थोडं थांबून तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "बाई, आता मी दिवसभर येऊ शकते. फुलं सकाळीच तोडून होत्यात. आता माझा वर्गबी नाय."

आता माझा वर्गबी नाय. आणि मला काय झालं माहीत आहे? आनंद झाला. पहिल्या झटक्यात मला हायसं वाटलं. पडवी शांत होईल, पहिली रांगेला लागेल, घसा वाचेल. 'ये' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी तो कसा गिळला ते माझं मला माहीत. म्हणाले, "आत ये. पाचवीच्या रांगेत बस." ती बसली, पण पडवीत कोणी रडलं की अर्धी उठायची. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवत होते.

त्या दिवशी मी माझी गाडी सोडली. शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. तिचा आजा ओट्यावर बसला होता, आई फुलांच्या करंड्या धूत होती. मी चहा नको म्हटलं. उभ्या उभ्याच बोलले, नाहीतर बोलता आलं नसतं. म्हटलं, "बाबा, नंबर लागला नाही तो हिच्या नशिबाने नाही आणि अकलेने तर नाहीच. माझ्याकडे माणूस नव्हतं, म्हणून मी हिला वापरलं. हिच्या पाचवीच्या वर्गात मी हिला बसू दिलं नाही. तुम्ही शब्द दिला होतात, तो मी मोडला. हिने नाही."

 तिच्या आईने हातातली करंडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. ज्या नजरेची मी वाट बघत होते ती आता आली, आणि ती सोसवेना.

आजा म्हणाला, "आन् हे तुमी आत्ता सांगता व्हय?"

"हो," मी म्हणाले. "आत्ता सांगतेय."

त्याने तंबाखूची पिंक टाकली. "जा घेऊन. सायखेड्याला घाला नाव. पण परत पोरीला मास्तरीण करू नका, तिला आधी पोर राहू द्या." तिची आई परत करंड्या धुवायला लागली. मला फाटकापर्यंत सोडायला मुलगी आली. तिला आनंद झाला होता, ते तिच्या चालण्यावरून कळत होतं. फाटकाशी मात्र ती थांबली.

"बाई, मग पहिलीला कोण?"

"ते मी बघते," मी म्हणाले. "तुला काय करायचंय? तू तुझं बघ." आवाज उगाच चढला माझा.

आता ती सायखेड्याच्या हायस्कुलात जाते. तिथेही वर्ग ठासून भरलाय, ती मागच्या बाकावर बसते म्हणे. शनिवारी शाळा सुटल्यावर मी थांबते आणि तिला गणित शिकवते. तिची आई माझ्याशी बोलते, पण फुलं आणून देत नाही.

तिचं नाव सायखेड्याला घातलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी फळ्यावर रेघा मारत होते. पडवीत पहिलीने आकाशपाताळ एक केलं होतं. मागे वळले तर तिचा भाऊ, तिसरीतला, टेबलाशी उभा. खडू त्याने स्वतःच उचलला होता. कमरेवर हात, मान जराशी कलती, हुबेहूब बहीण.

"बाई, मी घेऊ का पहिली? मला येतं. ताईचं बघितलंय मी."

पडवीत कोणीतरी पडलं आणि मोठ्याने रडायला लागलं. तो माझ्याकडे बघत उभा होता. मी लगेच नाही म्हटलं नाही. खोटं कशाला सांगू, मी थोडा वेळ त्या खडूकडे बघत राहिले. मग तो त्याच्या हातातून काढून घेतला, त्याला त्याच्या जागी पाठवलं आणि पडवीत गेले. मागे तिसरी, चौथी, पाचवी एकाच वेळी बोलायला लागली.